उभी बाज

बाहेर, उन्हापावसात ठेवायची बाज कशाची असावी, या विषयावर मी तोंड उघडलं की घरातले एकेक करून उठायला लागतात. उठा बाप्पा! मोठा मुलगा तर हात जोडतो. परवा त्यानं अंगणासाठी प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या आणि वर मला सांगतो, आई, याला काही होत नाही. मी म्हटलं, एक वैशाख जाऊ दे, मग सांग. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. मी अंगणात एकामागून एक चार बाजा ठेवून पाहिल्या आहेत, आणि ती काही हौस नव्हती. त्या बाजांवर माझा माणूस पडलेला होता.

आम्ही तेव्हा अमरावतीला राहत होतो. नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात यांना खोकला लागला. हे म्हणजे माझे मालक. कचेरीत कारकून होते, अक्षर असं की साहेब दुसऱ्या कोणाला कागद लिहू देत नसे. घरात आम्ही तिघंच: हे, मी आणि माझी सासू. तिला मी आत्याबाई म्हणायची. मूलबाळ अजून नव्हतं. खोकला आधी धुळीचा वाटला, मग कापसाच्या सरकीचा भुसा छातीत गेला असेल असं वाटलं, मग संध्याकाळचा ताप यायला लागला आणि सदरा खांद्यावरून लोंबायला लागला. छातीचा फोटो काढला. डॉक्टरांनी तो खिडकीसमोर धरला आणि नाव घेतलं. क्षय.

त्या काळी हा शब्द ऐकला की शेजारचे लोक आपला पाणी भरायचा गडू बाजूला करायचे. सुया होत्या, गोळ्या होत्या, पण त्यांनी माणूस बरा होतो यावर अजून कोणाचा फार विश्वास नव्हता. आमच्या वस्तीतून या दुखण्यानं गेलेली माणसं मला पाठ होती. डॉक्टर म्हणाले, घराला एक दार आणि एक झरोका, त्यात ठेवू नका. दिवसरात्र बाहेर, मोकळ्या हवेत झोपवा. आणि बाज ताठ पाहिजे. झोळ पडलेल्या बाजेवर छाती दुमडते, दुमडलेली छाती बरी होत नाही.

एवढं एकच वाक्य मी घट्ट धरून बसले. सुया डॉक्टरच्या हातात, गोळ्या दवाखान्याच्या हातात, माझ्या हातात काय तर बाज. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तसं माझं झालं.

घरात एक बाज होती, गावाकडून आलेली. बाभळीचं लाकूड, अंबाडीची दोरी. बाभूळ उन्हाला चिरते पण दगा देत नाही, असं आत्याबाईचं म्हणणं. अंगणात भिंतीला लागून तट्ट्यांचं छप्पर केलं, त्याखाली बाज टाकली आणि यांना निजवलं. उन्हाळाभर ठीक गेलं. पावसाळ्यात मात्र वारा पश्चिमेकडून, पाणी तिरपं. दोरी भिजली की तंग व्हायची, वाळली की झोळ पडायचा. मी रोज सकाळी पायथ्याला पाय लावून दोरी ओढायची, दुपारपर्यंत हे पुन्हा मध्ये रुतलेले. गुडघे वर, डोकं वर, छाती खड्ड्यात. वरून ओल्या अंबाडीचा कुबट वास.

पाऊस आला की यांना उचलून आत नेत होतो. बाज बाहेरच भिजायची, कारण आमचं दार अरुंद, आडवी बाज आत जायची नाही. आता सरळ गोष्ट आहे. बाज उभी करून भिंतीला टेकवली असती तर छपराच्या आडोशाला कोरडी राहिली असती. मी एकदा तशी उचलायला गेले, तर आत्याबाई घरातून अशी धावत आली की मला वाटलं सापच निघाला.

"ठेव खाली! ठेव आंधी!"

"आत्याबाई, भिजून राहिली न ते."

"भिजू दे. सडू दे. माणूस गेला की त्याची बाज उभी करतेत. जित्या माणसाची उभी करून तू त्याले वाट दाखवून राहिली काय?"

हे आतून खोकत खोकत म्हणाले, "माय, आपण सोडलं न हे सारं?"

खरंच सोडलं होतं. नागपूरहून आल्यावर आत्याबाईनं स्वतःच्या हातानं देव्हाऱ्यातले देव फडक्यात बांधून नदीत सोडले होते. उपास सोडले, अंगात येणाऱ्या बाईच्या पाया पडणं सोडलं. सांगणारा कोणी लागला नाही तिला. पण त्या दिवशी ओल्या बाजेवर हात ठेवून म्हणाली, "देव सोडले बाबू. मरण सोडलं काय आपल्याले?"

 खरं सांगू का, मलाही बाज उभी करायची भीती वाटायला लागली. दीक्षेत आम्ही अशा गोष्टी मानणार नाही म्हणून सांगितलं होतं, मोठ्यानं, हजारो लोकांत उभं राहून. पण आपला माणूस रोज वाळत असला की कोणी म्हटलं कावळ्याला नमस्कार कर, तर हात आपोआप वर जातात. बाज आडवीच राहिली, भिजत राहिली. श्रावण संपायच्या आत दोरी मधोमध तुटली आणि हे बाजेतून खाली चिखलात बसले. आधी हसले. मग हसण्याचा खोकला झाला आणि तो थांबेना.

तेव्हापासून मी ध्यास घेतला. आडवी राहून, उन्हापावसात पडून, जी ताठ राहील अशी बाज पाहिजे. जो भेटेल त्याला विचारायची. उंटावरचे शहाणे काही कमी नव्हते. एक म्हणे आंबा, एक म्हणे कडूनिंब, नुसती त्याची हवाच औषध आहे. वाळवीनं आंब्याची फळी कशी चाळणी केली ते मी शेजारीच पाहिलं होतं, आणि निंबाचं लाकूड आमच्याच घरात उखळाखाली वाकडं झालेलं होतं.

आत्याबाईनं बांबू आणला. आठवड्याच्या बाजारात मेळघाटचे लोक बांबू घेऊन यायचे. बांबूच्या कांबी जवळजवळ ठोकून अशी सपाट बाज केली की पाठ अगदी सरळ. मी मनात म्हटलं, जमलं. महिनाभर जमलंही. मग दिवाळीनंतर बाजेखाली सकाळी पिवळं पीठ दिसायला लागलं, चाळणीतून पडल्यासारखं बारीक. झाडून काढलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा. बांबूला भुंगा लागला होता. वारा आला की ते पीठ उडायचं, यांच्या नाकातोंडात जायचं. मोकळ्या हवेसाठी बाहेर ठेवलेला माणूस, आणि हवेत हे!

हे मला म्हणाले, "कान लाव इथं. ऐकू येते का?"

मी कान लावला. आत कुरकुर कुरकुर चाललं होतं.

"माह्या छातीतही असंच वाजत असन," म्हणाले. "दोघायलेही आतूनच लागलं."

मी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. असं बोलायचं नाही म्हणून सांगितलं, आणि घरात जाऊन पदर तोंडात कोंबून रडले. घासलेटानं पुसून पाहिलं, तर त्या वासानं खोकला वाढला. शेवटी यांना जमिनीवर चटईवर निजवलं, बाज मोडली आणि एकेक कांब चुलीत घातली. जळताना फटाफट आवाज येत होते. मला बरं वाटलं.

माझं माहेर अकोल्याचं. माझा बाप तिथं कापसाच्या गाठी बांधायच्या प्रेसमध्ये कामाला होता. जावयाचं ऐकून आला, भुईवर निजलेलं पाहिलं आणि अंगणातच डोक्याला हात लावून बसला. मग म्हणाला, "पोरी, लाकडाच्या नादी काहून लागली तू? लाकडाले किडा, दोरीले पाणी. लोखंडाले काय होते?" प्रेसमध्ये गाठी आवळायला लोखंडी पट्ट्या वापरतात. तुटलेल्या, वाकलेल्या पट्ट्यांचे ढीग पडलेले असत. बापानं त्या ठोकून सरळ केल्या, लोखंडी चौकटीवर नवारीसारख्या उभ्याआडव्या विणल्या आणि मालगाडीनं बाज पाठवली. इतकी ताठ की पाट झक मारेल! वाळवी नाही, भुंगा नाही, झोळ नाही. वस्तीतले लोक पाहायला आले. बापाचं तोंड त्या दिवशी पाहण्यासारखं होतं.

वैशाखात तिनं पहिला रंग दाखवला. आपल्याकडचा वैशाख मी सांगायला नको. छपराखालीसुद्धा पट्ट्या अशा तापायच्या की हात लावला की चटका. खाली गोधडी, तिच्यावर दुसरी गोधडी, त्यावर ओलं पोतं. यांच्या पाठीवर तरी पट्ट्यांचे चौकोन उमटायचे. निघाले आगीतून ते पडले फुफाट्यात. पण पाठ सरळ होती, म्हणून मी दात आवळून राहिले. दिवसातून दहादा पोतं ओलं करायची.

मग पावसाळा आला. एका सकाळी मी यांच्या खालची गोधडी उचलली आणि तिच्यावर लाल डाग. मोठे.  क्षयाच्या घरात लाल डाग म्हणजे काय, हे सांगावं लागत नाही. मी ओरडले, आत्याबाई धावली, तिनं तर छाती पिटायलाच घेतली. हे उठून बसले आणि म्हणाले, "अवं, गंज हाय तो! पट्ट्याचा गंज. खालून लागला." मी डाग चोळून पाहिला. खरंच गंज होता. तांबूस, बोटाला खरखरीत लागणारा. आम्ही दोघी हसायला लागलो, हसता हसता आत्याबाई भुईवरच बसली. त्या दिवशी मी गोड केलं घरात, काय सांगू!

त्यानंतर डाग रोजचेच झाले. गोधडीवर, धोतरावर, सदऱ्याच्या पाठीवर. मी विचारायची, हे काय? ते म्हणायचे, गंज. मी धुवायला टाकायची. लिंबू चोळायची, निघत नसे. कोणत्या घरात लाल डागांची अशी सवय होत असेल? आमच्या झाली.

आणि मग एकदा उशी धुवायला घेतली. उशी गोधडीच्या वर असते. तिचा लोखंडाशी काही संबंध नाही. उशीच्या वरच्या अंगाला, जिथं गाल टेकतो तिथं, पुसून पुसून फिकट केलेला एक डाग होता. उशी उलटी करून ठेवलेली होती. मी बोटानं चोळलं. खरखर लागली नाही.

गंज वरून पडत नाही.

मी उशी घेऊन यांच्यापुढे उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"हाय थोडं थोडं."

"गंज म्हणे! मले गंज म्हणून सांगत होते तुमी! मी लिंबू चोळून राहिली अन् तुमी..."

"तुमी दोघी रडता," ते म्हणाले. "त्या दिवशी गंज निंगला तं किती हासल्या होत्या. मले वाटलं, राहू द्या."

त्यांना मारावं की मिठी मारावी, मला कळेना. मी दोन्ही केलं नाही, नळावर गेले आणि उगीच भांडी घासत बसले. त्या मेल्या बाजेनं माझ्या माणसाला खोटं बोलायला जागा करून दिली होती. टिकली असती ती, शंभर वर्षं टिकली असती! डॉक्टरांकडे गेलो. ते आधी चिडले, मग एकदम मऊ बोलायला लागले. डॉक्टर मऊ बोलायला लागला की समजून घ्यावं. सुया बदलल्या, गोळ्या वाढवल्या. बाहेर आल्यावर मला एकटीला म्हणाले, बाई, फार उशिरा सांगितलंत. हा हिवाळा निघाला तर पुढचं बघू.

मी त्याच आठवड्यात गाडीत बसले, बडनेऱ्याला गाडी बदलली आणि अकोल्याला बापापुढे जाऊन उभी राहिले. पाणीसुद्धा प्यायले नाही. म्हटलं, "बा, लाकूड पाह्यजे. पण असं पाह्यजे की ज्याचं जे व्हायचं ते आंधीच होऊन गेलं असन. अन् लोखंडाचा एक खिळा नको. खिळ्यालेही गंज येते."

 बापाच्या पट्ट्यांचं काय झालं ते मी सांगितलंच नव्हतं, पण त्याला कळलं असावं. दुसऱ्या दिवशी मला एका जुन्या जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या, आवारात घेऊन गेला. तिथं एक शेड पाडली होती आणि तिचे सागवानी खांब उघड्यावर पडले होते. किती वर्षं उन्हापावसात उभे होते कोण जाणे. रंग राखेसारखा झालेला. बापानं वाकसानं एक ढलपी काढली. आतून लाकूड मधाच्या रंगाचं, तेलकट, नुकतं कापल्यासारखा वास. कुठं छिद्र नाही, चीर नाही. मी तो खांब दोन्ही हातांनी धरला आणि सोडेना. बापानं मुकादमाकडे रदबदली केली, मला तिथून हलवायलाच दोन माणसं लागली असती.

सुताराशी माझं रोज भांडण. तो म्हणे, खिळे नाहीत तर नाहीत, निदान चार स्क्रू मारू दे. मी म्हटलं, लाकडाच्या खुंट्या मार. तो म्हणे, पाय बारीक करतो, हलकी होईल. मी म्हटलं, पायाला हात लावायचा नाही, जाड तेच बरे. शेवटी तो बापाला म्हणाला, "भाऊ, तुमची पोरगी बाज करून राहिली का किल्ला?" मग विणायला नवार आणायला गेलो, तर दुकानदार निळ्या-लाल पट्ट्यांची दाखवू लागला. यावर मळ दिसत नाही म्हणाला. मी म्हटलं, बाप्पा, मला मळ दिसणारीच पाहिजे. पांढरीफटक दे. तो माझ्या तोंडाकडे पाहतच राहिला.

बाज गाठींच्या ट्रकवर टाकून अमरावतीला आणली. वस्तीच्या तोंडापासून अंगणापर्यंत चार हमालांनी वाहिली आणि चौघंही धापा टाकत बसले. पायांखाली शहाबादी फरशीचे तुकडे दिले, वाळवी वर चढू नये म्हणून. सगळ्या लाकडाला जवसाचं तेल चोळलं. आत्याबाईनं भोवती एक फेरी मारली, एक कोपरा उचलून पाहिला. तो हललासुद्धा नाही. "चांगलं झालं," ती म्हणाली. "आता कोणाच्या बापाच्यानं उभी होत नाही हे."

मग सुरू झालं वाट पाहणं. सकाळी उठले की मी आधी नवार पाहायची, मग यांचं तोंड. पांढरी असली की एक दिवस मिळाला. हिवाळ्यात दोनदा लाल दिसलं. एकदा पौषात. मग बरेच दिवस नाही. माझा विश्वास बसेना. लपवतात की काय म्हणून मी उशी उलटी करून पाहायची, धोतराच्या घड्या उलगडायची, छपराच्या तट्ट्यात फडकी खोचलेली आहेत का बघायची. हे म्हणायचे, पोलिसात का नाही गेलीस? मला हसू यायचं नाही.

हिवाळा निघाला. उन्हाळा निघाला. लाकूड तापलं नाही, चिरलं नाही. पावसाळ्यात नवार सोडून घ्यायची, धुवायची, वाळली की पुन्हा ताणायची, चौकट बाहेर पाण्यात पडून राहायची. तिला काही झालं नाही. फक्त तिलाच काही होत नव्हतं! यांचे हात बघवत नव्हते. उन्हाळ्यात एकदा हे पाण्याची कळशी उचलायला गेले आणि अर्ध्यात ठेवून दिली, तेव्हापासून मी त्यांना काही उचलूच देत नव्हते. डॉक्टर फोटो बघायचे आणि हूं म्हणायचे. बरा आहे म्हणत नव्हते, नाही असंही म्हणत नव्हते. कचेरीतून जागा किती दिवस ठेवायची म्हणून विचारणा झाली. मी मनातून पार मोडले होते. एवढी ताठ बाज केली, आता यांना तिच्यावरून उठवील कोण? कधी कधी तर त्या बाजेचाच राग यायचा. ही माणसापेक्षा जास्त टिकणार, हे मला समोर दिसत होतं.

त्यात अकोल्याहून निरोप आला, आईला तापानं घेरलंय, ये. मी जायला तयार नव्हते. हे म्हणाले, "जा न वो. मी काही पळून नाई जाऊन राहिलो." आत्याबाईला सतरा गोष्टी बजावल्या आणि गेले. आईचा ताप आठवडाभर उतरला नाही. मी तिच्या उशाशी बसायची, पण जीव अमरावतीला. आई उठून पेज प्यायली त्याच सकाळी मी गाडीत बसले.

स्टेशनवरून चालतच आले. ऊन कडक होतं. वस्तीच्या नळावर बाया उभ्या होत्या. मला पाहिलं आणि एकदम गप्प झाल्या. एकीनं डोक्यावरचा पदर सारखा केला. कोणी कशी आहेस म्हटलं नाही.  पुढं वळण आहे, वळणावरून आमच्या कुंपणावरून भिंत दिसते.

भिंतीला बाज उभी होती.

चारही पाय अंगणाकडे केलेले. नवार काढून टाकलेली. नुसती चौकट, आणि तिच्यातून मागची भिंत दिसत होती.

हातातली पिशवी कुठं पडली मला माहीत नाही. मी रस्त्यातच बसले. किती वेळ बसले तेही माहीत नाही. नळावरची एक बाई धावत येत होती, काहीतरी म्हणत होती, मला एक शब्द कळला नाही. मनात एवढंच: मी नव्हते. चौघांनी उचलली ती बाज, चौघं लागले असतील, आणि मी नव्हते. मग कशी उठले, कुंपणाचं फाटक कसं ढकललं, कोण जाणे. अंगणात जाऊन मी असा टाहो फोडला की झाडावरचे कावळे उडाले.

आणि घरातून हे बाहेर आले. हातात उकळत्या पाण्याचा तांब्या.

"काय झालं वो?" म्हणाले. "माय गेली का तुही?"

 मी नुसती बाजेकडे बोट करत राहिले.

"ढेकूण झाले," ते म्हणाले. "खुंट्याच्या भोकात. रात्रभर निजू देत नाईत. पाणी ओतून राहिलो."

मग मला कंठ फुटला. लग्न झाल्यापासून मी या माणसाला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. त्या दिवशी केलं. वस्तीनं ऐकलं. "बैताडा! मेल्या! ढेकूण मारतं तू? मी मेली न इथं! जीव गेला न माहा!" त्यांच्या छातीवर, खांद्यावर, जिथं लागेल तिथं मी बुक्क्या मारत होते. ते तांब्या दूर धरून उभे. गरम पाणी अंगावर सांडू नये म्हणून एवढीच धडपड.

दारात आत्याबाई बसली होती, भिंतीकडे तोंड करून. डोळे सुजलेले. "म्या पाय धरले त्याचे," ती म्हणाली. "सकायपासून बोंबलून राहिली. साऱ्या वस्तीनं ऐकलं. नाई ऐकलं त्यानं. म्हणे आपण सोडलं हे. म्हणे, आता मीच करून दाखवतो." म्हणजे नळावरच्या बाया त्या भांडणानं गप्प झाल्या होत्या.

मी बुक्क्या मारता मारता थांबले. माझ्या हाताखाली त्यांचा खांदा होता, आणि तो हाडाचा लागत नव्हता. मी मागं सरून बाजेकडे पाहिलं. ते जाड पाय. तो खांब. धापा टाकत बसलेले चार हमाल.

"कोणाकोणाले बोलावलं होतं?" मी विचारलं.

"कायले?"

"उचलाले!"

"कोणी नाई," ते म्हणाले. "कोणी हात लावन काय तिले उभी कराले? मीच केली."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. कपाळाला घाम होता. दम लागला होता, पण खोकला नव्हता. मी त्यांना ओळखून होते, मला गंज म्हणून सांगणारा माणूस होता तो. मी म्हटलं, "खोटं."

त्यांनी तांब्या खाली ठेवला. बाजेच्या वरच्या दांड्याला दोन्ही हात घातले आणि हळूहळू, गुडघे वाकवून, ती खाली आणली. चारही पाय फरशीवर टेकले. मग वाकले, पुन्हा दांडा धरला, आणि उचलली. मानेच्या शिरा ताठ झाल्या. बाज वर गेली, थोडी डगमगली, भिंतीला जाऊन टेकली. ते तिला धरून उभे राहिले, श्वास घेत. मी वाट पाहिली. खोकला आला नाही.

माझ्या मागं काहीतरी हाललं. आत्याबाई भिंतीला धरून उठली होती, अंगणात आली होती. सकाळपासून जिनं वस्ती डोक्यावर घेतली, लेकाचे पाय धरले, ती बाई उभ्या बाजेसमोर येऊन उभी राहिली. वरपासून खालपर्यंत तिच्याकडे पाहिलं. मग लेकाकडे पाहिलं. पदरानं नाक पुसलं.

"बाबू," ती म्हणाली, "आणखी एकडाव उचल बरं."